पोर जुलाबानं जात नाही, पाण्यावाचून जातं



मृग आठ-दहा दिवसांवर आला. भट्टीवर गेलेली घरं परतली, छपरांची डागडुजी चालू आहे. दरवर्षी या अंकात आपण दाव्यांची खबर देतो. कुणाचा अर्ज कुठल्या टेबलावर अडला, प्रांत ऑफिसात तारीख कधी, मोजणी कधी. या वेळी मात्र पहिली पानं जुलाबाला दिली आहेत. ढाळ-वांती, हगवण, जे म्हणाल ते.

काहींना वाटेल, जमिनीच्या संघटनेच्या पत्रकात हगवणीचं काय काम? ते डॉक्टरनं बघावं, आशाताईनं बघावं. गेल्या पावसाळ्यापर्यंत आम्हालाही असंच वाटत होतं. म्हणून आधी गेल्या पावसाळ्याचं सांगतो.

आषाढात आपल्या जिल्ह्यातल्या एका वाडीवर आम्ही मीटिंगला गेलो होतो. वाडीचं नाव देत नाही, घरच्यांचं दुःख अजून ओलं आहे. बावीस घरं, डोंगराच्या उतरावर, मालकाच्या वरकस जमिनीत. रात्री कंदील लावून दाव्यांचे फॉर्म भरणं चाललं होतं. पुरावा काय जोडायचा, जाणत्या माणसाचा जबाब कोण देणार, असं बोलणं. कडेच्या घरात दीड वर्षाचं पोर सकाळपासून ढाळत होतं. त्याची आई दोनदा दाराशी येऊन उभी राहिली. आम्ही काय म्हणालो? "उद्या सकाळी डॉक्टरकडे न्या." आणि फॉर्म भरत राहिलो.

सकाळी बाजारच्या गावात एका खाजगी डॉक्टरकडे नेलं. सुई मारली, दोन बाटल्या औषध दिलं, साडेचारशे रुपये घेतले आणि घरी पाठवलं. पाणी पाजा, असं कुणी बोललं नाही. उलट घरी सांगणारे भेटले की पोटात काही ठरत नाही तर पाणी बंद करा, अंगावरचं दूधही तोडा. दुपारी पोर रडायचं थांबलं. घरच्यांना वाटलं, आराम पडला. तो आराम नव्हता. तिन्हीसांजेला डोली करून निघाले. पऱ्याला पाणी चढलं होतं. पलीकडे पोचेपर्यंत पोर गेलं.

त्याच घरात पाच वर्षांची बहीण. तिलाही त्याच रात्री ढाळ लागले. अंगणवाडीची ताई वस्तीला होती. तिनं पाकिटाचं पाणी केलं आणि रात्रभर चमच्या-चमच्यानं पाजलं. ती पोरगी आज शाळेत जाते.

एका घरातली दोन पोरं, एकाच हंड्यातलं पाणी प्यालेली. लहानग्याचं अंग लवकर सुकतं हे खरं, पण त्याला रात्रभर पाजणारं कुणी नव्हतं, हेही तेवढंच खरं. आमच्यात दहावी-बारावी शिकलेले होते, कायद्याची कलमं तोंडपाठ होती. मीठ-साखरेचं पाणी एकालाही सुचलं नाही. ही चूक आमची आहे. ती मान्य करून पुढचं लिहितो.

मग पोर जातं कशानं?

आपण म्हणतो, "जुलाबानं गेलं." खरं तर बहुतेक जुलाब तीन-चार दिवसांत, फार तर आठवड्यात, आपले आपण थांबतात. पण तेवढ्या दिवसांत अंगातलं पाणी आणि मीठ वाहून जातं. गळका हंडा आहे असं समजा. गळती आज बुजत नाही, पण वरून ओतत राहिलं तर हंडा रिकामा होत नाही. आपण मात्र गळती बघून ओतायचंच थांबवतो. पोर मरतं ते हंडा रिकामा झाला म्हणून. पोर जितकं लहान आणि अशक्त, तितका हंडा लहान. सकाळी खेळणारं पोर रात्रीपर्यंत हातचं जाऊ शकतं, ते यामुळे.

जुलाब होतो जंतूंमुळे. हे जंतू एकाच्या गुवातून दुसऱ्याच्या तोंडात जातात, सगळा खेळ एवढाच. वाट कधी पाण्याची असते, कधी न धुतलेल्या हाताची, कधी माशीची, कधी सकाळी शिजवून संध्याकाळी खाल्लेल्या अन्नाची, कधी दुधाच्या बाटलीच्या बुचाची. पहिल्या पावसात साथ का येते? उन्हाळाभर माळावर, पऱ्याच्या काठाला जे साठतं ते पहिल्या सरींबरोबर खाली येतं. आपला डवरा तिथंच असतो. डवऱ्यातलं पाणी निवळ दिसतं, पण जंतू डोळ्याला दिसत नाहीत.

सगळे जुलाब सारखे नाहीत. नुसते पाण्यासारखे ढाळ असतील तर ते बहुतेक वेळा साधे, लहान पोरांत बरेचदा रोटा नावाच्या विषाणूचे. आव आणि रक्त पडत असेल तर ती हगवण, तिला डॉक्टरचं औषध लागतं. तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके ढाळ धो-धो होत असतील, बरोबर वांत्या, पायात गोळे, तर ती पटकी असू शकते. पटकीत धडधाकट बाप्याही काही तासांत जातो.

जुन्या माणसांना आठवत असेल, पटकी आली की मरीआईचा गाडा करायचे आणि तो ओढत गावाच्या शिवेपलीकडे सोडून यायचे. पुढच्या गावाने तो आणखी पुढं ढकलायचा. आपण देवीला नावं ठेवत नाही. पण एवढं ध्यानात घ्या की पटकी गाड्यावर बसून जात नाही, पाण्यातून जाते. वरच्या वाडीची घाण खालच्या वाडीच्या हंड्यात येते. म्हणून एका वाडीपुरता इलाज पुरा पडत नाही.

पाजायचं कसं

पहिला पातळ ढाळ झाला की त्या घडीला सुरू करायचं. डॉक्टरची, गाडीची, सकाळची वाट बघायची नाही.

आशाताईकडे, अंगणवाडीत, उपकेंद्रात ओआरएसचं पाकीट फुकट मिळतं. मोठं पाकीट एक लिटर पाण्याचं असतं. ते सगळंच्या सगळं एका लिटरमध्ये ओतायचं. थोडी पूड पेल्यात टाकून थोडी उद्याला ठेवायची, असं करू नका. प्रमाण चुकतं. लहान पाकिटं असतील तर त्यावर लिहिलंय तेवढंच पाणी घ्या. लिटरचं माप म्हणजे बाजारातल्या पाण्याची लिटरची रिकामी बाटली, धुऊन घेतलेली.

पाकीट नसेल तर घरी करा. उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, त्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे सपाट, ढीग नको. मीठ जास्त झालं तर ते पोराला बाधतं. आधी स्वतः चाखून बघा. डोळ्यातल्या आसवापेक्षा खारट लागलं तर फेकून द्या आणि नवीन करा. केलेलं पाणी झाकून ठेवा, चोवीस तासांनी उरलेलं टाकून द्या.

साखरही नसेल तर तांदळाची पातळ पेज आहे. लिटरभर पेजेत तेवढंच अर्धा चमचा मीठ. ती आपल्या प्रत्येक चुलीवर होते. दुकानातलं रंगीत गोड पेय मात्र नको, जास्त साखरेनं जुलाब वाढतात.

किती पाजायचं? दोन वर्षांखालच्या पोराला प्रत्येक ढाळेनंतर पाव ते अर्धा कप. दोन ते दहा वर्षांच्या पोराला अर्धा ते एक कप. मोठ्या माणसाला मागेल तेवढं. लहानग्याला एकदम ओतू नका, चमच्या-चमच्यानं द्या. ओकला तर दहा मिनिटं थांबा, मग पुन्हा सुरू, आधीपेक्षा हळू. ओकतंय म्हणून बंद करायचं नाही, पोटात थोडं तरी राहतंच.

अंगावरचं दूध तोडायचं नाही, उलट जास्त वेळा पाजायचं. जेवतं पोर असेल तर मऊ भात, नाचणी, वरण, केळं द्या. उपाशी ठेवलेलं पोर जुलाबातून उठलं तरी अंगानं खंगतं, आणि खंगलेल्याला पुढच्या महिन्यात जुलाब पुन्हा धरतो.

पाकिटाबरोबर झिंकच्या गोळ्या मागून घ्या, त्याही फुकट आहेत. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत रोज एक गोळी (२० मिलिग्रॅमची), दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी. चमचाभर पाण्यात नाहीतर आईच्या दुधात विरघळवून द्यायची. पुरे १४ दिवस. जुलाब थांबला म्हणून गोळी थांबवायची नाही, तीच पुढचा जुलाब लांबवते.

कुणी म्हणेल, एवढं सोपं असतं तर दवाखाने कशाला? १९७१ सालची गोष्ट ऐका. बांगलादेशातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालात आले, बनगावच्या छावणीत पटकी लागली. माणसं जमिनीवर पडलेली, सलाईनच्या बाटल्या संपलेल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा यांच्या पुड्या बांधल्या, पिंपात पाणी कालवलं आणि ते पाजायला सांगितलं. पाजणारे कोण? आया, भाऊ, शेजारी, तेही निर्वासितच. शंभरात सुमारे तीस माणसं मरत होती, ती तीन-चारांवर आली. आज सगळ्या जगात चालणारं पाकीट त्याच वाटेनं आलंय. तेव्हा मीठ-साखरेचं पाणी हा गरिबाला दिलेला हलका इलाज आहे, असं कुणी समजू नका. पहिला इलाज तोच आहे.

धावायचं कधी

पाजत पाजत दवाखान्याकडे निघायचं, अशा खुणा या आहेत. बाया-बाप्ये सगळ्यांनी पाठ करा.

पोर मलूल पडलं, हाक मारली तर डोळे उघडत नाही, रडायचं थांबलं. डोळे खोल गेले, रडताना आसवं नाहीत, जीभ कोरडी. टाळू खोल गेली. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच बसत नाही, सुरकुती तशीच राहते. सहा तासांत लघवी नाही. पिता येत नाही, किंवा प्यालेलं सगळं ओकतंय. ढाळेत रक्त आहे. अंग तापलंय, झटके आले. तांदळाच्या धुवणासारखे ढाळ थांबत नाहीत. जुलाब चौदा दिवसांवर चालू आहे. बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल तर दुसरी खूण बघत बसू नका, सरळ निघा. गरोदर बाई आणि म्हातारं माणूस यांचंही लवकर बघा.

पोर गप्प झालं म्हणजे बरं झालं, असं नाही. गेल्या वर्षी तिथंच चुकलं.

१०८ ला फोन लावायचा. वाडीवर रेंज नसेल तर रेंज कुठल्या दगडावर मिळते ते एका पोराला माहीत असतंच, त्याला आधी पाठवा. तोवर डोली तयार करा. वाटेत पाजणं थांबवू नका.

सुई, काथ आणि टाळू

आपल्या लोकांचा सुईवर फार विश्वास. सुई मारली नाही तर डॉक्टर कसला, असं म्हणतो. साध्या जुलाबाला सुई लागत नाही. जुलाब आवळून धरणाऱ्या गोळ्या लहान पोराला घातक आहेत. जंतूंवरची औषधं हगवणीला आणि पटकीला लागतात, तीही डॉक्टर सांगेल तेव्हा. जो पिऊ शकतो त्याला सलाईनची गरज नाही. जो पिऊ शकत नाही, शुद्धीत नाही, त्याला सलाईनच लागते आणि ती ताबडतोब लागते. हा फरक कळला तर सुई-सलाईनपायी भट्टीवाल्याकडून उचल घ्यायची पाळी निम्म्या वेळा येणार नाही.

आपण काथ करणारे म्हणून कातकरी. खैराचा काथ तुरट, जुनी माणसं हगवणीवर चाटवत. कुड्याची सालही देतात. रानातल्या औषधाला आम्ही हसत नाही, तो वाडवडिलांचा ठेवा आहे. पण अंगातून गेलेलं पाणी ना काथ भरून देत, ना कुडा. त्या भरवशावर पाजणं लांबवू नका.

टाळूचंही तसंच. टाळू खोल गेली की आपण तिच्यावर तेल घालतो, पाल्याचा लेप भरतो. टाळू खोल जाते ती अंगातलं पाणी आटलं म्हणून. ती तोंडानं भरायची असते, वरून नाही. दात येताना जुलाब होणारच, असंही म्हणतात. त्या वयात पोर दिसेल ते तोंडात घालतं, म्हणून जंतू जातात. दात येतात म्हणून सोडून देऊ नका. भगताकडे जायचं असेल तर जा, पण हातात मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली घेऊन जा. आम्ही दोन भगतांशी बोललो. ते म्हणाले, आम्हीच पाजायला सांगू.

"कातकरी घाण राहतात"

साथ आली की पांढऱ्या गाड्या येतात. फवारणी होते, फोटो निघतात, आणि एक साहेब भाषण करतो की हात धुवा, पाणी उकळा, संडास वापरा, तुमच्या घाणीमुळे हे होतं.

हात धुवावेतच. पोराची ढाळ धुतल्यावर आणि भाकरीला हात लावण्याआधी साबणानं, साबण नसेल तर राखेनं. पिण्याचं पाणी उकळावंच, हंड्याला झाकण आणि काढायला ओगराळं ठेवावंच. यात सबब नको. बाळाला रोटाव्हायरसची लस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांवर द्यावीच, फुकट आहे. भट्टीवर जाताना लसीचं कार्ड बरोबर न्या. हे आपल्या हातातलं आहे आणि ते न करणं ही आपली चूक.

पण साहेबांनीही हिशेब करावा. जलजीवन मिशननं २०१९ साली माणशी रोज ५५ लिटर पाणी कबूल केलं. पाच माणसांच्या घराला झाले २७५ लिटर. आपली बाई एका खेपेला हंडा-कळशी मिळून वीस लिटर आणते. म्हणजे कबूल केलेल्या पाण्याला चौदा खेपा होतात. वैशाखात एका खेपेला तास जातो. आपल्या कोकणात पाऊस धो-धो पडतो, पण जांभ्यातून निथळून दर्याला मिळतो, आणि मे महिन्यात डोंगरातल्या वाड्यांना टँकर लागतो. दोन हंड्यांवर दिवस काढणाऱ्या बाईला हात किती वेळा धुवायला सांगता?

संडासाचंही तेच. घर ज्या जागेत आहे ती जागा मालकाची. मालक म्हणतो, कुडाचं घर बांधा, पक्कं काही नको. पक्का संडास उभा राहिला की हक्क सांगतील, ही त्याची भीती. मग माणूस जाणार कुठं? पऱ्याच्या काठाला. आणि पऱ्यातच डवरा.

ही गोष्ट आपल्याच जिल्ह्याची नाही. २०२२ च्या जुलैत मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत पटकी झाली. आपल्यासारखेच आदिवासी, कोरकू. नळयोजना होती, पण थकलेल्या बिलापायी वीज तोडलेली. लोक उघड्या विहिरीचं पाणी प्याले, माणसं दगावली. तिथल्या लोकांना कुणी अडाणी म्हणेल. आम्ही विचारतो, नळ कुणी बंद केला होता?

आणि आपल्या शेजारचं महाड आठवा. मंडणगडातलं आंबडवे हे ज्यांचं मूळ गाव, त्या बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीनं घेतलं. त्यानंतर तळं शुद्ध करायचं म्हणून सवर्णांनी शेण-गोमूत्र कालवलेल्या घागरी त्यात ओतल्या. माणसाच्या शिवण्यानं पाणी बाटतं आणि शेणानं शुद्ध होतं, असा तो हिशेब. कोर्टात दहा वर्षं गेली, १९३७ साली हायकोर्टानं निकाल दिला की तळं सगळ्यांचं. पाण्यातली घाण कुठली आणि माणसांच्या डोक्यातली कुठली, हे तेव्हाही वेगळं करावं लागलं, आजही करावं लागतं.

विहीर कुणाच्या जमिनीत?

गेल्या वर्षीच्या त्या वाडीला विहीर मंजूर होती. कागद आम्ही डोळ्यांनी बघितला. मग झाली का नाही? विहिरीला जागा ग्रामपंचायतीच्या नावावर लागते, त्यासाठी बक्षीसपत्र लागतं. सातबाऱ्यावर तीसच्या वर हिस्सेदार, निम्मे मुंबईत, काही वारलेले. एकानं सही दिली, दुसऱ्यानं दिली नाही. पैसे परत गेले. वाडी पऱ्याचं पाणी पीत राहिली.

म्हणून आम्ही म्हणतो, जुलाब हा जमिनीचा प्रश्न आहे. ही नुसती घोषणा नाही, त्या पोराच्या मरणाची वाट अशीच जाते. अंगातून गेलेलं पाणी भरून द्यायला अर्धा चमचा मीठ पुरतं. पण ढाळ लागूच नये म्हणून जे पाणी पाहिजे, ते सातबाऱ्यावर अडलंय.

ते सोडवायला हातात काय आहे? आपला जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही, म्हणून पेसा आपल्याला लागू नाही. पण २००६ चा वनहक्क कायदा लागू आहे. दाव्यांमुळे कलम ३(१) सगळ्यांना माहीत झालंय. त्याच्या खालचं ३(२) वाचा. गावासाठी शाळा, अंगणवाडी, दवाखाना, रस्ता, तळी, पिण्याच्या पाण्याची योजना अशा तेरा सोयींना वनजमीन देता येते. प्रत्येक सोयीला एक हेक्टरच्या आत, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं पडत नसतील तर, आणि ग्रामसभेनं शिफारस केली तर. १९८० च्या वनसंवर्धन कायद्याची दिल्लीची परवानगी त्याला लागत नाही. ज्या वाडीच्या वर सरकारी वनात बारमाही झरा आहे, त्या वाडीनं टाकी आणि नळाचा ठराव करायलाच हवा.

खरी अडचण ही की आपल्या जिल्ह्यात सरकारी जंगल थोडं, खाजगी रान जास्त. तिथं ३(२) चालत नाही. तिथं महसूल संहितेचं कलम १२२ आहे. गावठाणाची हद्द ठरवायचा अधिकार त्यात जिल्हाधिकाऱ्यांना दिलाय. वाडी पिढ्यान् पिढ्या जिथं बसलीय ती जागा गावठाणात घ्या, ही मागणी धरून बसावं लागेल. वाडी गावठाणात आली की विहीर, संडास, रस्ता यांना मालकाच्या सहीची वाट बघावी लागणार नाही.

आमच्यातलेच काही साथी म्हणतात, औषध-पाण्याचं काम संस्थांना करू द्या, आपण पाकिटं वाटत बसलो तर लढा मागं पडेल. उलट बाजूला दवाखान्यातली काही चांगली माणसंही म्हणतात, जुलाबात जमिनीचं राजकारण आणू नका. दोघांनाही आमचं सांगणं एकच. गावठाणाचा कागद व्हायला पाच वर्षं लागतील. पोर पाच तास थांबत नाही. आणि नुसती पाकिटं वाटत राहिलो, तर पाच वर्षांनीही आपण त्याच डवऱ्याकाठी पाकिटं वाटत असू.

मृगाआधी काय करायचं

प्रत्येक वाडीनं दोन बाया नेमायच्या. त्यांच्याकडे वीस पाकिटं, झिंकच्या गोळ्या, लिटरची बाटली आणि एक चमचा. पऱ्याला पाणी चढल्यावर आशाताई येऊ शकत नाही, म्हणून माल आत्ताच आणून ठेवायचा.

डवऱ्याच्या वरच्या अंगाला कुणी परसाकडं बसायचं नाही, पोराची ढाळ पऱ्यात धुवायची नाही, ती पुरायची. हा ठराव वाडीनं स्वतःवर करायचा. मोडेल त्याला समज देणारी माणसंही ठरवायची.

विहीर असेल तर ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला टीसीएल पावडर कधी टाकली ते विचारायचं. साधारण हजार लिटर पाण्याला अडीच ग्रॅम ताजी पावडर लागते, आणि टाकल्यावर तासभर पाणी काढायचं नाही. ओली, जुनी, वास गेलेली पावडर उपयोगाची नाही. तिची पिशवी उघडून बघायचा आपल्याला हक्क आहे. पाण्याच्या पाहणीवरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. आपल्या पंचायतीचं कुठल्या रंगाचं आहे, आणि त्या पाहणीत आपली वाडी धरली होती का, हे ग्रामसभेत उठून विचारायचं.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत प्रत्येक वाडीचा पाण्याचा ठराव लेखी द्यायचा आणि पोच घ्यायची. वनजमीन असेल तिथं ३(२), नसेल तिथं गावठाण. मसुदे पुढच्या अंकात देऊ.

त्या पोराची आई गेल्या महिन्यात मीटिंगला आली होती. कोपऱ्यात बसून सगळं ऐकलं आणि शेवटी म्हणाली, "मला कुणी तेव्हा सांगितलं असतं, तर मी रातभर पाजलं असतं." त्यावर आम्हाला उत्तर देता आलं नाही. पण यंदा आपल्या कुठल्याही वाडीवरच्या आईला हे वाक्य बोलायला लागू नये.

पुढच्या मीटिंगला येताना फॉर्मबरोबर लिटरची बाटली, चहाचा चमचा, मीठ आणि साखर घेऊन या. आधी सगळ्यांनी पाणी करायचं, एकमेकांचं चाखून बघायचं. मग दाव्यांचं बोलू.

जिंदाबाद!